मोटारीच्या दिव्यांचा मोतीबिंदू



मोटारीचा रंग रोज पुसून लखलखीत ठेवणारे पुष्कळ आहेत. परंतु तिच्या पुढील दिव्यांकडे, ते लागत आहेत तोंपर्यंत, सहसा कोणी पाहत नाहीं. आठ-दहा वर्षें वापरलेली एखादी गाडी उन्हांत न्याहाळावी. दिव्यावरील पारदर्शक झांकण बहुधा पिवळट, धुरकट झालेलें आढळेल. हा गाडीचा मोतीबिंदूच होय; आणि माणसाच्या मोतीबिंदूप्रमाणें तोहि हळूहळू वाढत असल्यामुळें धन्याच्या लक्षांत येत नाहीं.

आमच्या असोदा-जळगांवकडे वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. लग्नसराई त्याच दिवसांत येते आणि ऊन टाळण्यासाठीं वऱ्हाडी मंडळी रात्रींचा परतीचा प्रवास पत्करतात. धुळें-जळगांव-भुसावळ या हमरस्त्यावर केळींनीं भरलेले ट्रक धांवत असतात, आणि मागें तांबडा दिवा नसलेली बैलगाडी वा ट्रॅक्टर केव्हां पुढें येईल याचा नेम नसतो. अशा वेळीं चार पावलें आधीं दिसणें आणि न दिसणें यांत एका कुटुंबाचें भवितव्य सांठवलेलें असतें.

पूर्वीच्या अँबॅसडर, पद्मिनी या गाड्यांना कांचेचे दिवे असत. ते फुटत, पण त्यांची कांच पिवळी पडत नसे. १९५३ च्या सुमारास जर्मनींत हेरमान श्नेल व अमेरिकेंत डॅनियल फॉक्स यांनीं स्वतंत्रपणें पॉलिकार्बोनेट नांवाचें प्लॅस्टिक शोधून काढलें. तें हलकें, सहसा न फुटणारें आणि हव्या त्या आकारांत ओततां येणारें. अमेरिकेनें १९८३ सालीं दिव्यांविषयींचे नियम सैल केले, आणि पुढें कांचेची जागा या प्लॅस्टिकनें घेतली.

जळगांवकरांना प्लॅस्टिकचा स्वभाव सांगावयास नको. येथील कारखान्यांत होणारी चटई अंगणांत वर्षानुवर्षें पडून राहिली, तर तिचा रंग उडतो आणि ती ठिसूळ होते. पॉलिकार्बोनेटहि सूर्याच्या अतिनील किरणांपुढें दुबळेंच; म्हणून कारखान्यांत त्यावर एक टणक, पातळ लेप चढवितात. ऊन व धूळ यांनीं हा लेप झिजला, कीं किरण आणि प्राणवायु मिळून खालचा पृष्ठभाग पिवळा करतात. मग प्रकाश पुढें न जातां चोहोंकडे विखुरतो. अमेरिकेंतील ऑटोमोबाईल असोसिएशननें २०१८ सालीं केलेल्या चांचणींत, अशा जुन्या दिव्यांतून नव्याच्या मानानें सुमारें एक पंचमांशच प्रकाश बाहेर पडत असल्याचें आढळलें. मोठा बल्ब बसविणें हा यावर उपाय नव्हे. त्यानें समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र अधिक दिपतात.

उपाय सोपा आहे. प्रथम झांकणावर ओलें बोट फिरवावें. ओल आहे तोंपर्यंत तेथें स्वच्छ दिसलें, तर दोष बाहेरचा समजावा. आंत वाफ धरली असेल, तर घासण्याचा उपयोग नाहीं; फटच बुजविली पाहिजे. दोष बाहेरचा असल्यास दिवा साबणानें धुवावा आणि भोंवतालच्या रंगावर चिकटपट्टी लावावी. नंतर गॅरेजवाले ज्याला वॉटर पेपर म्हणतात, तो पाण्यांत भिजवून आधीं ८०० नंबरचा, मग १५०० चा, शेवटीं २००० वा ३००० चा, असा क्रमानें चालवावा. झांकण दुधासारखें पांढुरकें झालें म्हणजे घाबरूं नये. पिवळें पाणी निघण्याचें थांबलें, कीं पुढचा नंबर घ्यावा. मागील कागदाचे ओरखडे पुढील कागदानें पुरते काढल्यावांचून घाई करूं नये. शेवटीं मऊ फडक्यानें रबिंग कंपाउंड चोळावें, कीं पारदर्शकता परत येते.

बहुतेक लोक येथेंच थांबतात, आणि कांहीं महिन्यांत दिवे पुन्हां पिवळे होतात. कारण उघड आहे. उरलासुरला जुना लेप आपण घासून काढला. नवा चढविला नाहीं. दंतमंजनाच्या पेस्टनें दिवे उजळविणाऱ्यांची गत हीच होते. म्हणून अतिनील किरणांना अडविणारा पारदर्शक लेप सांवलींत, धूळ नसतांना लावावा व डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत सुकूं द्यावा. थिनर किंवा पेट्रोल झांकणास लावूं नये. त्यानें बारीक तडे जातात. दिव्यांची जागा हलली असेल, तर रात्रीं सपाट जागेवर गाडी भिंतीसमोर उभी करून दोन्ही झोत सारख्या उंचीवर पडतात कीं नाहीं, तेंहि पाहावें.

हें काम एका सकाळींत होतें आणि नव्या दिव्यांच्या मानानें खर्च अगदीं थोडा येतो. तडा गेला असेल किंवा पिवळेपणा खोल मुरला असेल, तर मात्र झांकणाचा लोभ सोडून नवा दिवा बसवावा.

साठी उलटलेल्या माझ्यासारख्यांना आणखी एक सांगावेंसें वाटतें. वयाबरोबर आपल्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश कमी होत जातो. त्यांत गाडीचेहि दिवे अंधुक असले, तर उणीव दुणावते. आणि दिवा केवळ चालविणाऱ्यासाठीं नसतो. रस्त्याच्या कडेनें घरीं परतणाऱ्या पायस्थाचाहि त्यावर हक्क आहे. येत्या लग्नसराईपूर्वीं आपल्या गाडीपुढें पांच मिनिटें उभे राहून तिच्या डोळ्यांत पाहावें, एवढीच विनंती.