तीन मीटरच्या होडक्यातलं घर



जहाज फुटून निर्जन बेटावर अडकलेल्या स्विस कुटुंबाची कादंबरी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. योहान डेव्हिड विस या धर्मोपदेशकानं ती आपल्या चार मुलांसाठी रचली. १८१२ मध्ये ती छापून आली. त्या कुटुंबाला बेटावर हवं ते मिळत जातं. मी सांगणार आहे ते कुटुंब खरं आहे, आणि त्यांना बेटही मिळालं नाही.

ब्रिटनचे डूगल रॉबर्टसन पूर्वी व्यापारी जहाजांवर होते, पुढे शेतकरी झाले. शेत विकून त्यांनी ‘लुसेट’ हे शिडाचं जहाज घेतलं आणि बायकोमुलांसह जगप्रवासाला निघाले. १५ जून १९७२ रोजी गालापागोस बेटांच्या पश्चिमेला किलर व्हेलनी धडक दिली आणि जहाज बुडालं. उरला एक रबरी तराफा आणि जेमतेम तीन मीटरचं होडकं. माणसं सहा: डूगल, पत्नी लिन, अठरा वर्षांचा डग्लस, त्याचे लहान जुळे भाऊ आणि पनामाला सामील झालेला एक तरुण. त्याचं त्यांच्याशी काही नातं नव्हतं.

बेटं मागे, वाऱ्याच्या उलट दिशेला. डूगलनी ठरवलं, उत्तरेकडे जायचं. भूगोलात तुम्ही शिकता तो विषुववृत्तीय शांत पट्टा तिकडे आहे, तिथे पाऊस मिळेल. मग एक जहाज दिसलं. यांनी फ्लेअर पेटवले. जहाज थांबलं नाही. मुलांसमोर ते दूर गेलं, आणि त्या घटकेनंतर डूगलनी सुटकेची आशा धरून बसणं सोडलं. किनारा आपणच गाठायचा, असं ठरलं.

सोळा-सतरा दिवसांनी तराफा निकामी झाला. सहाही जण होडक्यात आले. इथे रंगमंचावर खडूनं तीन मीटर आखा आणि सहा जण बसून बघा! एकानं जागा बदलली तरी होडकं कलायचं. कासवं पकडायची, मांस वाळवायचं, पाऊस साठवायचा, पाणी उपसायचं. लिन परिचारिका होत्या. पिण्यालायक नसलेलं पाणीही वाया जाऊ न देता त्यांनी ते नळीनं एनिमा देऊन शरीरात पोचवलं. मला ही बाई फार मोठी वाटते. जुळी मुलंही नुसती बसून नव्हती. उपसण्याची पाळी त्यांनाही होती. आपण मात्र एवढ्या मुलांना साधं पाण्याचं पिंप भरू देत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अडतिसाव्या दिवशी एका जपानी मासेमारी जहाजानं त्यांना वर घेतलं, तेव्हा सहाही जण जिवंत होते आणि होडक्यात वाळवलेलं मांस शिल्लक होतं.

पालकहो, उद्या हा मांडव उतरेल, खुर्च्या परत जातील. ते काम मुलांकडे सोपवा. मीही सकाळी येतो, खुर्च्या उचलायला.