अकरा महिन्यांचे घर

भाड्याचे घर व त्याची मुदत हा विषय ऐकण्यास रूक्ष वाटेल खरा; परंतु ज्याची तीसाहून अधिक वर्षे बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडण्यात गेली, त्याला तो तसा वाटत नाही. प्राथमिक शिक्षकाची नोकरी ही बदलीची नोकरी. वर्धा जिल्ह्यात मी जेथे जेथे गेलो तेथे तेथे शाळेचा फळा पाहण्याच्या आधी मला खोली शोधावी लागली. आमच्या विदर्भात भाड्याला किराया म्हणतात आणि भाडेकरूला किरायेदार. शब्द निराळा, चिंता तीच.

आर्वी हे कापसाचे गाव. कापूस वाहून नेता यावा म्हणून पुलगावपासून येथवर अरुंद रुळांची गाडी १९१७ साली सुरू झाली होती. आता ती धावत नाही. पण कापसाचा हंगाम आला की जिनिंगच्या कामासाठी येणारी माणसे, आणि शाळा उघडल्या की खेड्यांतील विद्यार्थी व बदलून आलेले नोकर, अशी खोल्यांची मागणी अजून वर्षातून दोनदा वाढते. म्हणून घरमालकाला आपली खोली कोणत्या महिन्यात रिकामी होते याची काळजी असते. ती अगदीच अनाठायी नव्हे.

आता माझी हकीकत सांगतो. २००५ साल होते. माझ्या अकरा महिन्यांच्या कागदाची मुदत फेब्रुवारीअखेर संपत होती. मुलीची दहावीची परीक्षा मार्चात, आणि मे महिन्यात माझी बदली ठरल्यासारखीच होती. मी घरमालकांकडे गेलो आणि तीन महिने अधिक राहू देण्याची विनंती केली. ते म्हणाले, “गुरुजी, कागद म्हणजे कागद. राहायचे तर पुन्हा पुरे अकरा महिने घ्या, किराया वाढवून. नाही तर अठ्ठावीस तारखेला किल्ली द्या.” अकरा महिन्यांचा बोजा मला झेपणारा नव्हता. अठ्ठावीस तारखेस हातगाडीवर सामान लादून आम्ही एका स्नेह्याच्या कोठीत जाऊन राहिलो. भूमितीच्या पेपरच्या आदल्या रात्री मुलीची कंपासपेटी सापडेना. ती कोणत्या बोचक्यात बांधली होती हे घरात कोणालाच आठवेना. पोर रडत रडत झोपली. पुढे ती उत्तीर्ण झाली. परंतु त्या रात्रीचा राग माझ्या मनातून गेला नाही.

हे अकरा महिने आले कोठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. ती खटपट व खर्च चुकविण्यासाठी लोकांनी एक महिना कमी केला. परंतु घरमालक ती मुदत इतकी घट्ट का धरून बसतात, याचे कारण दुसरीकडे आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची टंचाई झाली आणि १९१८ साली तेथे भाडे नियंत्रणाचा कायदा आला. पुढे १९४७ च्या मुंबई कायद्याने पुष्कळ घरांचे भाडे १९४० सालच्या पातळीला जखडून ठेवले. आमच्याकडे, म्हणजे त्या वेळच्या मध्यप्रांत व वऱ्हाडात, १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश होता. त्यान्वये भाडेपट्टा संपविण्याची नोटीस देण्यापूर्वी घरमालकास भाडे नियंत्रकाची परवानगी काढावी लागे, आणि त्यानंतर दिवाणी न्यायालयाची पायरी निराळीच. गरीब किरायेदाराचे रक्षण हा हेतू योग्यच होता. पण दशके लोटली, महागाई वाढली, आणि मुंबईत भाडे तेथेच राहिले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे गोठविलेले भाडे आता वाजवी राहिले नसल्याचे सांगितले. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला व ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात भाड्यात दरसाल शेकडा चार वाढ करण्याची मुभा आहे. कायदा बदलला, तरी “किरायेदार एकदा बसला की उठत नाही” ही धास्ती घरमालकाच्या मनातून उठली नाही.

या कायद्यातील दोन गोष्टी प्रत्येकाने ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, हा कायदा ज्या गावांना लागू आहे तेथे भाड्याचा वा परवान्याचा करार लेखी व नोंदलेला असलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा असला तरी. आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. तेव्हा अकरा या आकड्यात आता कसलाही मंत्र उरलेला नाही. तीन महिन्यांचा करार होऊ शकतो, चौदा महिन्यांचाही होऊ शकतो. दुसरी गोष्ट, कागदावर आपण भाडेकरू आहोत की परवानाधारक हे सही करण्यापूर्वी वाचावे. भाडेकरूला कायद्याचे संरक्षण आहे. ठराविक कारणांवाचून त्याला काढता येत नाही. राहण्यासाठी परवान्याने घर घेतलेल्याला मात्र मुदत संपताच ते सोडावे लागते, आणि न सोडल्यास दुप्पट रक्कम भरण्याची पाळी येते.

आता हकीकतीचा उरलेला भाग, जो सांगताना मला थोडा संकोच वाटतो. निवृत्तीनंतर मी आर्वीत लहानसे घर बांधले व वरच्या दोन खोल्या एका परिचारिकाबाईंना दिल्या. गेल्या फेब्रुवारीत त्यांची मुदत संपत आली. त्या म्हणाल्या, “गुरुजी, मुलगा दहावीला आहे. मे महिन्यात माझी बदली होईल. तेवढे तीन महिने राहू द्या.” आणि श्रोतेहो, मी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, “बाई, करायचा तर पुन्हा अकरा महिन्यांचा कागद करा.”

त्या मुकाट्याने जिना चढून वर गेल्या. आमच्या घरातून एवढेच ऐकू आले, “अहो, ती कंपासपेटी कोणत्या बोचक्यात होती?”

त्या रात्री मला झोप आली नाही. माझे पूर्वीचे घरमालक दुष्ट होते असे मी वीस वर्षे मानीत आलो होतो. आता कळले की ते भ्यालेले होते. त्यांना जे भय होते तेच मलाही होते. मुदतीबाहेर एक दिवस दिला तर घर जाईल, मे महिन्यात खोली रिकामी झाली तर जूनपर्यंत किराया बुडेल, अशी ती भीती होती. दुसऱ्या दिवशी मी बाईंना बोलावले. तीन महिन्यांचा निराळा करार लिहिला, किराया तोच ठेवला, नोंदणीचा खर्च निम्मा निम्मा वाटून घेतला. बाईंनी पुढचा किरायेदार पाहण्यास खोली दाखविण्याचे कबूल केले. ३१ मे रोजी त्यांनी किल्ली माझ्या हाती दिली आणि मी त्यांची अनामत रक्कम त्याच दिवशी परत केली. माझे काही बुडाले नाही.

तेव्हा दोन्ही पक्षांस माझी विनंती आहे. मुदत ठरविताना भिंतीवरचे कॅलेंडर पाहा आणि ती परीक्षेच्या तोंडावर येऊ देऊ नका. मुदतवाढ हवी असल्यास किती दिवस आधी कळवावे व किराया किती राहील, हे पहिल्याच कागदात लिहा. किरायेदाराने दर महिन्याची पावती मागावी; ती देणे घरमालकास बंधनकारक आहे. आणि घर सोडण्याचा शब्द दिला असेल तर तो त्याच तारखेस पाळावा, कारण एका किरायेदाराने मोडलेल्या शब्दाचा दंड त्याच्यामागून येणारे दहाजण भरतात.

कागद पक्का असावा, यात वाद नाही. परंतु तो लिहिताना वरच्या मजल्यावर कोणाचे मूल अभ्यासाला बसले आहे काय, एवढे विचारून घ्यावे.