मागावरचे शब्द आणि आपला वर्ग

(शिक्षक-मेळाव्यात केलेले भाषण)



इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली सुरू झाला. तेव्हापासून हा धंदा भोवतालच्या खेड्यांतही पसरला. त्यामुळे आपल्या भागातील पुष्कळ मुलांच्या कानी अक्षरओळखीपूर्वीच मागाचे शब्द पडलेले असतात. वर्गात मात्र ते क्वचितच ऐकू येतात. आणि आलेच, तर आपण ते चुकीचे ठरवितो. आज एवढ्याच गोष्टीविषयी बोलावयाचे आहे.

एका शाळेत 'वही' हा शब्द वाक्यात योजावयास सांगितला होता. एका मुलीने लिहिले, "बाबा वहीतून सूत ओढतात." त्यावर लाल फुली पडली. वस्तुतः वाक्य निर्दोष होते. मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे आळीपाळीने वर-खाली करणारी जी चौकट असते, तीच वही. तिच्या डोळ्यांतून एकेक धागा ओढून घ्यावयाचा, मग तो फणीच्या घरांतून काढावयाचा, असे हे काम. इचलकरंजीत ह्या कामालाच वहिफणी म्हणतात व ते करणारा वहिफणी कामगार. एक धागा जरी भलत्या डोळ्यात गेला, तरी तो दोष दुरुस्त होईपर्यंत कापडात उमटत राहतो. इतक्या बारकाईचे काम करणाऱ्या बापाचा शब्द त्या फुलीने खोटा ठरला. ती मुलगी पुन्हा घरचा शब्द शाळेत आणील काय?

ग्रंथातील शब्द शिकवू नयेत, असे मी म्हणत नाही. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहावेत, आणि शक्य तेथे वस्तू हाती द्यावी. 'तंतू' आणि 'सूत' ह्यांतील भेद व्याख्येने कळत नाही. कापसाच्या सुताचा जाडसर तुकडा घेऊन मुलांना त्याचा पीळ उलटा सोडावयास सांगा. पीळ सुटताच सूत हलकेच ओढले तरी निसटून वेगळे होते व हाती सुमारे बोटाच्या पेराएवढे आखूड केस राहतात. ते तंतू होत. सुताला बळ येते ते पिळामुळे, हे मग निराळे सांगावे लागत नाही. 'कापूस' आणि 'रुई' ह्यांचेही तसेच. बोंडातून निघतो तो सरकीसकट कापूस. सरकी काढली की उरते ती रुई, आणि वजनाने ती कापसाच्या साधारण एक तृतीयांश भरते.

सुताचा 'नंबर' तर गणिताच्या शिक्षकांस मोठी देणगीच आहे. ८४० यार्डांची एक लड. एक पौंड वजनात अशा जितक्या लडी बसतील, तितका त्या सुताचा नंबर. २० नंबरच्या सुताची लांबी पौंडास १६,८०० यार्ड. ४० नंबरची त्याच्या दुप्पट. म्हणून नंबर मोठा, तितके सूत बारीक. कृत्रिम धाग्याचे 'डेनियर' नेमके उलट चालते : ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर, येथे आकडा मोठा तर धागा जाड. व्यस्त व सम प्रमाणाला ह्याहून जवळचे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. (आंब्यांच्या किमती आपण पुष्कळ वर्षे मोजल्या!)

आणखी एका कारणाने ह्या कामाची निकड आहे. बाण्याचे, म्हणजे आडवे, सूत कांडीवर भरावयाचे, कांडी धोट्यात बसवावयाची आणि धोटा ताण्यातून ह्या टोकाचा त्या टोकास फेकला जावयाचा, ही साध्या यंत्रमागाची रीत. आता धोट्यावाचून चालणारे मागही आले आहेत. एअरजेट मागात हवेचा झोतच बाणा पलीकडे नेतो. तेथे धोटा नाही, आणि धोटा नाही म्हणून कांडीही नाही. कांड्या भरून ज्यांनी संसार चालविले, त्या बायकांच्या बोलण्यातील शब्द आज ऐकून लिहिले नाहीत, तर पुढे ते विचारावयाचे कोणाला?

तेव्हा पुढील केंद्र-बैठकीस येताना प्रत्येक शाळेने अशा वीस शब्दांची यादी आणावी. शब्द मुलांनी घरी विचारून आणावेत व उच्चारतील तसेच लिहावेत; समोर वस्तूचे लहानसे चित्र काढावे आणि शब्द कोणाकडून मिळाला, आजीकडून की शेजारच्या मागवाल्याकडून, तेही नोंदवावे. यादी शुद्धलेखनासाठी तपासू नये. ज्या गावी माग नाही, तेथे शिंप्याचे दुकान चालेल.