नाडीचा आकडा आणि त्याचा तपशील

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



प्रतिवर्षी या प्रसंगी रुग्णालयाच्या जमाखर्चाचा आढावा घेणे हे माझे काम. तो आढावा आपल्या हाती छापील स्वरूपात आहेच. आज मात्र विश्वस्तांच्या अनुमतीने मी एकाच आकड्याविषयी बोलणार आहे. तो रुपयांचा नाही, नाडीच्या ठोक्यांचा आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. निदान आणि उपचार हे माझे क्षेत्र नव्हे. येथे जे सांगतो आहे ते आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतलेले आहे. परंतु आकड्यांशी माझा अनेक वर्षांचा सहवास आहे आणि तपशिलावाचून आकडा माणसाला कसा फसवतो, हे मी जाणतो.

सरत्या वर्षात एक तरुण नोकरीसाठी लागणारा शारीरिक पात्रतेचा दाखला घेण्यास आपल्याकडे आला. छापील नमुन्यात नाडीच्या रकान्यापुढे ‘६० ते १००’ असे लिहिलेले असते. त्याची नाडी भरली ४४. आमच्या कर्मचाऱ्याने त्या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढून दाखला रोखून धरला. ‘हृदय दुबळे आहे’ अशी कुजबुज बाकावर बसलेल्या मंडळींत पसरली आणि त्या मुलाची आई रडू लागली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला पहिलाच प्रश्न विचारला, “धावतोस का?” तो सहा वर्षे रोज पहाटे दहा-बारा किलोमीटर धावत होता. हृदयाच्या आलेखात काहीही वावगे नव्हते. त्या कुटुंबाने जी रात्र जागून काढली, तिचे उत्तरदायित्व आमच्याकडे जाते. नमुना आम्ही छापला होता आणि प्रश्न मात्र विचारला नव्हता.

दीर्घ पल्ल्याचे धावपटू, सायकलपटू, जलतरणपटू यांची विश्रांतीतील नाडी मिनिटाला ४० ते ६० असणे ही नित्याची बाब आहे. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वेळा जिंकणारा स्पेनचा मिगेल इंदुराइन याची नाडी २८ असल्याचे सांगितले जाते. खेळाडूंचे हृदयालेख कसे वाचावेत याविषयी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत, कोणतीही तक्रार नसलेल्या खेळाडूची ३० पर्यंतची संथ पण नियमित नाडी ही सरावाचा स्वाभाविक परिणाम मानली आहे.

याचे कारण एका गुणाकारात आहे. १६२८ साली विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला, तेव्हा त्याच्या युक्तिवादाचा एक आधार असाच हिशेब होता. एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त गुणिले ठोके, ही रक्कम इतकी मोठी येते की खाल्लेल्या अन्नातून तेवढे रक्त नव्याने तयार होणे अशक्य. म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. आपणही तोच गुणाकार करू. सर्वसाधारण माणसाचे हृदय विश्रांतीत एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. ७० ठोक्यांत सुमारे पाच लिटर. शरीराची गरज तेवढीच. सरावाने ज्याच्या हृदयाचे कप्पे विस्तारले, तो एका ठोक्यात १०० मिलिलिटर देतो. त्याचे पाच लिटर ५० ठोक्यांत पुरे होतात. गरज तीच, पुरवठा तोच, हप्ते मात्र मोठे आणि थोडे.

खरा फरक श्रमाच्या वेळी दिसतो. सरावाने नाडीची कमाल मर्यादा वाढत नाही. वाढते ती प्रत्येक ठोक्याची क्षमता. म्हणून सामान्य तरुणाचे हृदय कमाल श्रमात मिनिटाला २० लिटरच्या आसपास रक्त देते, तर अव्वल दर्जाच्या खेळाडूचे ३५ लिटर वा त्याहूनही अधिक. विश्रांतीतील संथ नाडी ही त्या राखीव निधीची बाहेरून दिसणारी खूण आहे.

नाडी संथ होण्यामागे मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा वाढलेला प्रभाव आहे, असे दीर्घकाळ मानले गेले. २०१४ साली मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी सराव दिलेल्या उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, ठोक्याचा उगम ज्या पेशीसमूहात होतो तो स्वतःच बदलतो. मज्जातंतूंचा प्रभाव रोखला तरी गती संथच राहते. दोहोंपैकी कोणाचा वाटा किती, याविषयी तज्ज्ञांत अद्याप चर्चा आहे.

खेळाडूच्या हृदयाविषयीचा गैरसमज आजचा नाही. १८९९ साली स्वीडनचे डॉक्टर हेनशेन यांनी बर्फावर घसरपट्ट्यांनी दूरवर धावणाऱ्या स्पर्धकांची छाती बोटांनी ठोकून तपासली आणि त्यांचे हृदय मोठे असल्याचे नोंदवले. हे सामर्थ्य की विकार, हा वाद त्यानंतर अनेक दशके चालला. अमेरिकेतील क्लॅरेन्स डीमार हा छापखान्यात काम करणारा धावपटू त्याच काळातला. त्याच्या हृदयातून अधिकचा ध्वनी ऐकू येतो, म्हणून डॉक्टरांनी त्याला धावणे सोडण्याचा सल्ला दिला. १९११ साली त्याने बोस्टन मॅरेथॉन जिंकली. पुढे काही वर्षे तो या शर्यतीपासून दूर राहिला. परतल्यावर १९२२ ते १९३० या काळात त्याने ती आणखी सहा वेळा जिंकली. अखेरच्या विजयाच्या वेळी त्याचे वय ४१ होते. १९५८ साली कर्करोगाने त्याचे निधन झाले. शवविच्छेदनाचा वृत्तांत १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्यात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या त्याच्या धमन्या सर्वसामान्यांपेक्षा दोन ते तीन पट रुंद आढळल्याची नोंद आहे.

येथवर ऐकून, संथ नाडी म्हणजे बळकट हृदय, असे समीकरण कोणी मांडील. ते तितकेच घातक आहे. वर सांगितलेल्या तरुणानंतर काही महिन्यांनी साठी ओलांडलेले एक गृहस्थ आले. त्यांची नाडी ४२. मुलाने भेट दिलेल्या घड्याळात तो आकडा पाहून ते मित्रमंडळींत अभिमानाने सांगत, “माझे हृदय खेळाडूचे आहे.” सकाळचे फिरणे त्यांनी अलीकडे कमी केले होते, कारण चढावर डोळ्यांपुढे अंधारी येई, ते वयोमानाने, अशी त्यांची समजूत. जिना चढवून पाहिला तरी नाडी वाढेना. हृदयातील विद्युत्संदेश मध्येच अडत होता. त्यांना पेसमेकर बसवावा लागला. देवदयेने ते आज सुखरूप आहेत.

४४ आणि ४२. रोजकीर्दीत शेजारी लिहिल्या तर या दोन नोंदी सारख्याच दिसतील. एक जमेची आहे, दुसरी नावेची. रक्तदाबावरील काही औषधांनी आणि थायरॉइडच्या कमतरतेनेही नाडी मंदावते. दीर्घ सरावालाही त्याची किंमत असू शकते. स्वीडनमधील वासालोपेट या ९० किलोमीटरच्या बर्फावरील शर्यतीतील ५२ हजारांहून अधिक स्पर्धकांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी अधिक शर्यती पूर्ण केल्या, त्यांच्यात पुढे हृदयाचा ताल बिघडण्याचे प्रमाण अधिक आढळले. व्यायाम सोडावा असा याचा अर्थ नाही. खेळाडूनेही धडधड वा भोवळ अंगावर काढू नये, एवढाच अर्थ आहे.

या दोन प्रसंगांनंतर आपल्या नमुन्यात एक बदल केला आहे. नाडीच्या रकान्याखाली ‘तपशील’ असा नवा रकाना असून त्यात तीन प्रश्न आहेत: नियमित व्यायाम कोणता व किती वर्षे? भोवळ, धाप, छातीत दुखणे किंवा घराण्यात अकाली आकस्मिक मृत्यू आहे काय? औषधे कोणती चालू आहेत? नाडी ५० पेक्षा कमी भरल्यास त्याच दिवशी हृदयालेख काढून डॉक्टरांना दाखवला जातो आणि गरजूंकडून त्याचे शुल्क घेतले जात नाही. देणगीदारांनी दिलेल्या निधीचा हा विनियोग आहे. लाल वर्तुळ काढण्याची पद्धत बंद केली आहे.

आपणा सर्वांना एक विनंती. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी, मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. आठवडाभराच्या नोंदींतून आपला स्वतःचा आकडा कळेल. शेजाऱ्याच्या आकड्याशी त्याची तुलना नको, आपल्याच कालच्या आकड्याशी करावी. धावणाऱ्याची नेहमीची ५० नाडी काही दिवस ६० वर राहिली, तर ताप, अपुरी झोप, शरीरातील पाण्याची कमतरता किंवा अतिश्रम यांपैकी काहीतरी आहे असे समजून विश्रांती घ्यावी. सरावाशिवाय ती मंदावू लागली, तर डॉक्टरांकडे यावे.

त्या तरुणाला दाखला मिळाला आणि तो नोकरीत रुजू झाला. जाताना त्याची आई मला म्हणाली, “साहेब, आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं.” यंदाच्या लेखापरीक्षणात याहून मोलाचा शेरा मला मिळालेला नाही. तो आपल्यासमोर ठेवून मी आपली रजा घेतो.