कोल्हा आणि नवें नगर

‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण मराठी घरांत अल्पसंतुष्टाला उद्देशून योजिली जाते. परंतु तींत प्राणिशास्त्राचें एक सत्य दडलेलें आहे. कोल्हा शिकारी खरा. तरी खेकडे, उंदीर, बोरें, काकड्या, जें मिळेल त्यावर तो निर्वाह करितो. या गुणाच्या बळावरच पनवेलच्या परिसरांत तो आजवर तग धरून आहे.

विचुंबें हें गाढी नदीच्या कांठचें गांव. नदी पुढें पनवेलच्या खाडीला मिळते, आणि खाडीच्या कडेचें तिवरांचें रान हें कोल्ह्याचें जुनें आश्रयस्थान. २०१३ सालीं हा प्रदेश ‘नैना’ या नियोजित नगराच्या क्षेत्रांत आला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं जवळच, सुमारें ११६० हेक्टर भूमीवरील विमानतळाचें उद्घाटन झालें. कोल्हा शहरांत शिरला, असें लोक म्हणतात. वस्तुतः शहरच कोल्ह्याच्या दारीं आलें.

अशा वेळीं वन्य पशु काय करितात? पहिला फरक वेळेचा. माणसांची वर्दळ वाढली कीं ते आपले व्यवहार रात्रीवर ढकलतात. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत सहा खंडांतील ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांमध्यें ही प्रवृत्ति आढळली. दुसरा फरक अन्नाचा. अमेरिकेंतील नेव्हाडा राज्यांत काळीं अस्वलें वस्तीजवळच्या कचऱ्यावर जगूं लागलीं. तीं रानांतील अस्वलांहून वजनानें भारी झालीं, रात्रीं हिंडूं लागलीं, आणि त्यांची हिवाळ्यांतील दीर्घ निद्राहि आंखूड झाली, असें २००३ सालीं संशोधकांनीं दाखवून दिलें.

मात्र आयतें अन्न शेवटीं महाग पडतें. उकिरड्यावर कोल्ह्याची गांठ भटक्या कुत्र्यांशीं पडते, आणि त्यांच्यापासून पिसाळण्याचा रोग त्याला जडूं शकतो. तो रोग पुढें माणसाच्या उंबऱ्यापर्यंतहि येतो. शिवाय रात्रीं रस्ता ओलांडणाऱ्या जनावराला भरधाव मोटारीचा अंदाज येत नाहीं. २०२२ च्या दुरुस्तीनें कायद्यानें कोल्ह्याला सर्वोच्च संरक्षण दिलें. परंतु कचऱ्याच्या डब्यावर झांकण घालणें हें कायद्याचें नव्हे, गृहस्थाचें काम आहे. त्याला खाऊं घालूं नये, त्याचा पाठलाग करूं नये, आणि तिवरांच्या रानांत भराव पडूं देऊं नये, एवढें पाळलें तर दोघांचाहि निभाव लागेल.

काकडीवर राजी होणाऱ्या या शेजाऱ्याचें मागणें थोडकें आहे: रात्रीचा निवांतपणा आणि तिवरांचा आडोसा. तें द्यावयाचें कीं नाहीं, हें मात्र त्याच्या हातीं नाहीं.