सुरी कोणी दिली?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

सिंड्रेलाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. काचेचा बूट, राजपुत्र आणि दोन कुरूप सावत्र बहिणी. पण ग्रिम बंधूंनी १८१२ साली जर्मनीत छापलेल्या गोष्टीत बूट सोन्याचा आहे आणि सावत्र बहिणी चक्क देखण्या आहेत. बूट पायात जाईना, तेव्हा त्यांची आईच त्यांच्या हाती सुरी देते. एकीची टाच जाते, दुसरीची बोटं. १९५० साली डिस्नेने काढलेल्या चित्रपटातून ही सुरी गेली आणि बहिणी बेढब झाल्या. म्हणजे हिंसा लपवली, आणि जी वाईट ती कुरूप, हे मुलांच्या मनावर ठसवलं.

नॉर्वेच्या एमिली ब्लिकफेल्ट या दिग्दर्शिकेने २०२५ साली 'द अग्ली स्टेपसिस्टर' या चित्रपटात ती सुरी परत आणली. इथे नायिका सावत्र बहीण, एल्विरा. तिची विधवा आई पैशासाठी लग्न करते. नवरा लग्नाच्या जेवणातच मरतो, आणि कळतं की त्याच्याकडेही दमडी नव्हती. आता उरली एकच आशा : मुलीने राजपुत्राच्या नजरेत भरायचं. मग डॉक्टर भूल न देता एल्विराचं नाक फोडून नवं घडवतो, पापण्यांना सुईदोऱ्याने खोटे केस शिवतो. बारीक होण्यासाठी ती पट्टकृमीचं अंडं गिळते. तिकडे नवऱ्याचं प्रेत घरात सडत पडलेलं; अंत्यविधीला पैसे नाहीत, मुलीच्या रूपाला आहेत.

हे बघताना आपण डोळे मिटतो. पण किळस कशाची येते? एल्विराच्या चेहऱ्याची नाही. तो सुरुवातीला चारचौघींसारखाच असतो. किळस येते ती तो 'सुंदर' करण्याच्या कामाची. एरवी हे काम पडद्याआड चालतं. इथे पडदा वर केला आहे.

प्रत्येक भयाण परीकथा बाईच्या बाजूची असतेच असं नाही. मॅत्तेओ गार्रोने यांच्या 'टेल ऑफ टेल्स' (२०१५) या चित्रपटात दोन म्हाताऱ्या बहिणी आहेत. गोष्ट सतराव्या शतकातल्या इटलीतली, बासिलेची. एक बहीण जादूने तरुण होऊन राणी होते. दुसरी, तशीच होण्याच्या आशेने, पैसे देऊन स्वतःची कातडी सोलवून घेते. तिची वेदना आपल्यापर्यंत पोचते. तरीही राजा मेणबत्ती लावून अंथरुणातली म्हातारी बघतो आणि तिला खिडकीबाहेर फेकायला लावतो, तेव्हा कॅमेराही तिच्या सुरकुत्यांकडे राजाच्याच नजरेने बघतो, असं मला वाटलं. म्हणून चित्रपट बघताना आपण विचारावं : इथे किळस कोणाची यावी अशी अपेक्षा आहे? बाईच्या शरीराची, की त्याची किंमत ठरवणाऱ्या व्यवहाराची?

आता एल्विराच्या आईबद्दल. तिला राक्षसीण म्हणून मोकळं होणं सोपं आहे. एल्विरा स्वतःच पायाची बोटं तोडते, पण चुकीच्या पायाची. उरलेलं काम आई पुरं करते. हा प्रसंग बघताना मला समुपदेशनाला येणाऱ्या आया आठवल्या. "ताई, रंग सावळा, वय वाढतंय, मागणी वाढत चाललीय," असं म्हणणाऱ्या. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, आणि मुलीच्या रंगावरून बोली अजून लागते. या आया दुष्ट नसतात. लग्नाशिवाय मुलीला दुसरा आधार दिसत नाही, म्हणून त्या तिला बुटाच्या मापाची करायला बघतात. सुरी आईच्या हातात असते खरी, पण बुटाचं माप तिने ठरवलेलं नसतं.

चित्रपटात एल्विराला वाचवते ती तिची धाकटी बहीण, आल्मा. ती या शर्यतीत उतरतच नाही. शेवटी तीच बहिणीच्या पोटातला तो जंत बाहेर काढते आणि दोघी घर सोडून निघतात.

मैत्रिणींनो, आपलं काम आल्माचं आहे. सुरी धरलेल्या आईला शिव्या देऊन ते होणार नाही. मुलीला स्वतःच्या पायांवर चालता येईल, पोट भरता येईल, एवढी वाट आधी त्या आईला दाखवावी लागेल. मग सुरी तिच्या हातातून आपोआप खाली येईल.