बारीक खाचेचा हिशेब
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकांचे भाषण)



लेसरने पृष्ठभाग खडबडीत केलेली झिर्कोनिया या सिरॅमिकची दंतरोपणे आपल्या दंतविभागासाठी घ्यावीत, अशी सूचना एका देणगीदारांनी या वर्षी केली व त्यासाठी देणगीही देऊ केली. त्याविषयीचा निर्णय सभेपुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो. आम्ही वाणिज्य शाखेचे. तरी दात्यांचा पैसा ज्या वस्तूवर खर्चायचा, ती समजून घेणे आवश्यक वाटले. विभागातील डॉक्टरांनी ती आम्हांस समजावून सांगितली.

स्वीडनचे डॉ. ब्रॉनेमार्क यांनी १९६५ मध्ये प्रथम एका रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची रोपणे बसविली. हाड त्या धातूला घट्ट धरते, यावर ही उपचारपद्धती उभी आहे. झिर्कोनिया पांढरे असल्याने पातळ हिरडीतून काळसर छटा दिसत नाही. मात्र ते अतिशय कठीण असल्याने, टायटॅनियमसाठी रूढ असलेल्या कणांच्या माऱ्याने व आम्लाने त्यावर हवा तसा खडबडीतपणा आणणे अवघड जाते. लेसरने केसाहून बारीक खाचा ठरावीक अंतरावर व खोलीवर कोरता येतात. अशा खाचांच्या दिशेने पेशी पसरतात, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे.

ही झाली जमेची बाजू. नावेच्या बाजूस असे की, लेसरच्या उष्णतेने सूक्ष्म तडे पडू शकतात, झिर्कोनियाची स्फटिकरचना बदलू शकते. आणि सिरॅमिक धातूसारखे वाकत नाही, तुटते. यावर उपाय म्हणून फेम्टोसेकंद लेसर वापरतात. त्याचा एकेक स्पंद इतका अल्पकाळ टिकतो की उष्णता आजूबाजूस फारशी पसरत नाही. अशा स्पंदांच्या तंत्रासाठी डोना स्ट्रिकलँड व जेरार मुरू यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

तरीही एक घटना विसरता येत नाही. २००१ साली युरोपातील एका उत्पादकाला खुब्याच्या सांध्यासाठीचे झिर्कोनियाचे गोळे परत मागवावे लागले. द्रव्य तेच होते. भाजण्याची भट्टी तेवढी बदलली होती. काही खेपांतील गोळे रुग्णांच्या शरीरात फुटले. प्रक्रियेतील लहान बदलाची किंमत रुग्णाने मोजली.

म्हणून आम्ही पुरवठादाराकडे तीन गोष्टी मागितल्या: वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ अन्वये परवाना, लेसर-प्रक्रियेनंतरच्या मजबुतीच्या चाचण्यांचे अहवाल आणि रुग्णांमधील दीर्घकालीन निष्कर्ष. पहिल्या दोन मिळाल्या. तिसरी समाधानकारक मिळाली नाही. आपला रुग्ण खेड्यातून एस.टी.ने येतो. रोपण तुटले तर त्याची दुसरी शस्त्रक्रिया आणि बुडालेली मजुरी आपल्या ताळेबंदात कोठेही दिसणार नाही.

सबब, तूर्त टायटॅनियमचीच रोपणे चालू ठेवावीत व पुढील वर्षी फेरविचार करावा, असे ठरले. संबंधित देणगीदारांनी आपली रक्कम गरजू रुग्णांच्या दंतोपचारांसाठी मोठ्या मनाने वर्ग करण्यास संमती दिली. त्यांचे आम्ही ऋणी आहोत. नव्या ज्ञानाला आपले दार बंद नाही. मात्र त्याची पहिली परीक्षा गरिबाच्या जबड्यात होऊ नये, एवढाच आमचा आग्रह आहे. आपला लोभ असाच राहावा, ही विनंती.